पाण्याबद्दल काही बोलले नाहीत

वालावलकर काका वारल्याचं त्यांच्या मुलीने नाशिकहून फोन करून सांगितलं आणि मी ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत तीस जणांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. लिहिलं कसलं, वरच्याचं उचलून खाली ठेवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने घाईत जोडलेल्या हातांऐवजी टाळ्यांचं चित्र टाकलं, आणि त्याच्या खालच्या चौघांनी तेच पुढे चालवलं. सेक्रेटरी म्हणून मलाही काहीतरी लिहिणं भाग होतं. ‘भाव’ इथपर्यंत आले आणि थांबले. ‘भावपूर्ण’ या शब्दाला काकांनी कधीच सेवानिवृत्त केलं होतं, आणि त्या आदेशावर सही माझी होती. तेव्हा ग्रुपवर गप्प बसले. इथे लिहिते.

काका सरकारी नोकरीत मराठी लघुलेखक होते. समोरचा बोलेल ते त्याच्याच वेगाने खुणांच्या लिपीत उतरवून घ्यायचं आणि मग टाइप करून द्यायचं, हे त्यांचं काम. बत्तीस वर्षं त्यांनी बैठका उतरवल्या, उद्घाटनं उतरवली, सत्कार उतरवले. त्यात एक शब्द गाळायची मुभा नाही. बोलणारा ‘त्या ठिकाणी’ म्हणाला की लिहायचं ‘त्या ठिकाणी’, मग ते ठिकाण कुठलं हे त्याला स्वतःला ठाऊक असो वा नसो. काका म्हणायचे, माझ्या नोकरीतल्या निम्म्या पेन्सिली त्या एका ठिकाणापायी झिजल्या आणि ते ठिकाण अजून मला कोणी दाखवलेलं नाही. निवृत्तीनंतर काकी आणि ते आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. आमची सोसायटी विरार पश्चिमेला, आगाशीच्या रस्त्याला. दोन विंग, चाळीस बिऱ्हाडं, आणि पूर्वी सगळी भातखाचरं. तिथे येऊन काकांनी ठरवलं की बत्तीस वर्षं जे गाळता आलं नाही ते आता गाळायचं.

उंच, वाळकी मूर्ती. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात दोन पेन्सिली, दोन्ही दोन्ही बाजूंनी टोक केलेल्या. कोणी बोलायला लागलं की त्यांच्या उजव्या हाताचं बोट आपोआप मांडीवर चालायला लागायचं. ते तुमचं बोलणं उतरवून घेत असायचं. चालता चालता बोट थांबलं की समजायचं, आपण काहीतरी शिळं बोललो. मी तशी तोंडाची तिखट बाई, बँकेत काउंटरवर बसून भल्याभल्यांना गप्प करते, पण त्या बोटासमोर माझी बोबडी वळायची.

पहिल्याच आठवड्यात जिन्यात गाठ पडली. माझं दूध गॅसवर होतं, मी खाली फक्त कोथिंबीर आणायला निघाले होते. जाता जाता म्हटलं, काय काका, बाकी काय विशेष? काकांनी भाजीची पिशवी पायरीवर ठेवली, क्षणभर विचार केला आणि सांगायला लागले. गुडघा दुखतोय ते बाकी होतं. शेवग्याच्या शेंगा कडू निघाल्या तेही बाकी होतं. काकींच्या चष्म्याची काडी तुटली आणि दुकानदाराने भलतीच बसवली, तेही. हे सगळं झाल्यावर ते म्हणाले की यात विशेष असं काही नाही, आणि मग हात बांधून माझ्या उत्तराची वाट बघत उभे राहिले. वर माझं दूध उतू जाऊन शेगडी विझली. त्या दिवसापासून मी ते वाक्य कोणालाच म्हणत नाही, सासूबाईंनासुद्धा नाही.

पुढे रजांचे आदेश सुरू झाले. एका सकाळी काका टाइप केलेला कागद घेऊन दारात आले. वर ‘आदेश’, खाली रेघ. मजकूर असा: “‘ॲक्च्युअली’ हे दुसऱ्या मजल्यावर सतत कामावर असल्याने त्यांची प्रकृती खालावली आहे. सबब त्यांना सोमवारपासून पंधरा दिवसांची वैद्यकीय रजा मंजूर करण्यात येत आहे. त्यांच्या गैरहजेरीत त्यांचा कार्यभार कोणाकडेही सोपवलेला नाही, कारण त्यांच्याकडे काही काम नव्हते.” खाली सेक्रेटरीच्या सहीची जागा. मी हसता हसता सही केली आणि कागद नोटीस बोर्डावर लावला. म्हटलं, एका आठवड्याची गंमत. झालं भलतंच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दुसऱ्या मजल्यावर नीलिमा राहते. ती तरातरा माझ्याकडे आली, तोंड उघडलं, पहिलाच शब्द ओठांवर आला आणि तिथेच अडकला. ती उंबऱ्यात तशीच उभी, तोंड उघडं. मग वळून निघून गेली. पंधरा दिवस तिचं बोलणं निम्म्यावर आलं. सोळाव्या दिवशी तिचा नवरा काकांकडे गेला आणि रजा वाढवून मिळेल का असं विचारून आला. काकांनी अर्ज मागितला.

एकेक करून सगळे गेले. ‘एक नंबर’ गेला, ‘नक्कीच’ गेला. ‘कुठेतरी’ला काकांनी बिनपगारी रजेवर पाठवलं, कारण तो कामावर आहे की नाही हे सांगताच येत नव्हतं. दिवाळीत ‘हार्दिक’ रजेवर. आम्ही फ्लेक्सवर नुसतं ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ लिहायला दिलं, तर फ्लेक्सवाल्याला वाटलं आम्ही विसरलो. त्याने स्वतःच्या मनाने शब्द घातला. काका स्टुलावर चढले आणि त्यावर पांढरा कागद चिकटवून आले. आठ दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला वाटत होतं की सोसायटीत काही वाद आहे आणि कोणाचं तरी नाव झाकलंय.

फक्त काकींना सूट होती. काकी दिवसभर ‘जाऊ दे ना’ म्हणायच्या. दूध नासलं, जाऊ दे ना. मोलकरीण आली नाही, जाऊ दे ना. मी एकदा काकांना चिडवलं की घरात कायदा चालत नाही वाटतं. काका म्हणाले, ती कायम नेमणूक आहे, तिला हात लावता येत नाही. काकी वारल्या तेव्हा मात्र त्यांनी शोकसभा होऊ दिली नाही. मी दोनदा विचारलं. तर म्हणाले, नको, लोक येऊन पोकळी निर्माण करतील. हे सांगताना ते हसले नाहीत आणि मीही हसले नाही. त्यांच्याकडे तो आठवडा मी रोज पेज करून नेली.

सगळा वात्रटपणाच होता असंही नाही. पहिल्या मजल्यावरचा स्वप्नील जिमवेडा, त्याला जगातली प्रत्येक गोष्ट जबरदस्त. वडापाव जबरदस्त, ट्रॅफिक जबरदस्त, आजोबांचं ऑपरेशनही जबरदस्त. तो शब्द रजेवर असतानाच त्याला मुलगी झाली. हॉस्पिटलमधून आला, गेटपाशीच काका भेटले. स्वप्नील सांगायला गेला, “काका, मुलगी झाली, एकदम जब...” आणि थांबला. मग दोन बोटांच्या मध्ये माप दाखवून म्हणाला, “काका, नखं आहेत तिला. एवढी एवढी.” आणि रडायला लागला. काकांनी त्याला घरी नेऊन चहा पाजला.

आमचे चेअरमन म्हात्रे. माणूस सोन्यासारखा, पण तोंडात एकच वाक्य, ‘विषय संपला’. त्यांचा प्रत्येक विषय संपण्यापासून सुरू व्हायचा. वार्षिक सभेत ते उठायचे, म्हणायचे गच्चीचा विषय संपला, आणि मग गच्चीवर पाऊण तास बोलायचे. कोणाच्या डोक्यात आलं कोण जाणे, पण एका वर्षी सभेचं इतिवृत्त लिहायचं काम काकांकडे दिलं. काका खूश. सगळी सभा त्यांनी खुणांत उतरवली आणि दुसऱ्या दिवशी वही माझ्या हातात दिली. त्यात होतं, “सभा सहा वाजता सुरू झाली. गच्चीचे कुलूप बदलायचे ठरले. सभा नऊ वाजता संपली.”

म्हात्रे वही घेऊन काकांच्या घरी गेले. मी मध्ये पडायला म्हणून मागोमाग. म्हात्र्यांचं म्हणणं, मी पाऊण तास बोललो ते गेलं कुठे? काकांनी वाद घातला नाही. कपाटातून पॅड काढलं, चष्मा चढवला आणि म्हात्र्यांचं भाषण त्यांना वाचून दाखवायला सुरुवात केली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. सगळे ‘म्हणजे कसं असतं’, सगळे ‘जे काही आहे ते’, आणि सगळे संपलेले विषय, एका सुरात. म्हात्रे पहिली पाच मिनिटं कौतुकाने ऐकत होते. मग खुर्चीत हलायला लागले. पंधराव्या मिनिटाला त्यांनी पाणी मागितलं. काका वाचतच होते. शेवटी म्हात्रे हात जोडून म्हणाले, पुरे, कुलूपच बरोबर आहे. तेव्हापासून इतिवृत्ताची वही काकांकडेच राहिली.

आता पाण्याचं सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे. आमच्या गल्लीत नळाची लाईन आलेली नव्हती. खालची बोअर आणि इनासभाऊंचा टँकर, यावर चाळीस घरं चालायची. इनासभाऊ जवळच्या नंदाखाल गावचे. नारळाची आणि केळीची वाडी, वाडीत मोठी जुनी विहीर, उन्हाळ्यातही न आटणारी. त्या विहिरीचं पाणी ते चार-पाच बिल्डिंगांना द्यायचे, त्याहून जास्त नाही, कारण झाडांनाही लागतं. आणि त्यांची एक रीत होती. दर वर्षी होळीच्या आधी ते स्वतः यायचे, गेटवर उभे राहायचे आणि विचारायचे, “यंदा पायजे?” आम्ही म्हणायचो, पाहिजे. झाला करार. ना कागद, ना सही. मग अख्खा उन्हाळा टँकर ठरल्या वेळेला हजर.

काकांच्या मते इनासभाऊ हे वसई तालुक्यातले सर्वांत चांगले वक्ते होते. रविवारी चर्चमधली सकाळची मिस्सा आटपून इनासभाऊ वाडीत आले की काका रिक्षा करून तिकडे जायचे, खास त्यांचं बोलणं ऐकायला. परत आले की मला सांगायचे. लोक गाण्याची मैफल सांगतात तसं. “आज मी विचारलं, या वर्षी केळी कशी आहे? ते म्हणाले, बारीक हाय. संपलं. तुला कळलं ना केळी कशी आहे?” मी म्हणायचे, कळलं. काका समाधानाने मान हलवत वर जायचे.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाला आमच्या भागातले एक पुढारी यायला तयार झाले. सगळे त्यांना साहेब म्हणतात, मीही साहेबच म्हणते. म्हात्र्यांनी आठ दिवस आधीपासून एकच घोकलं की साहेबांकडून पाण्याचं वदवून घ्यायचं. काकांना मागच्या रांगेत बसवायचं हेही ठरलं होतं, पण काका पॅड घेऊन पहिल्या रांगेत, अगदी माइकसमोर. साहेब बोलायला उभे राहिले आणि ओघ सुरू झाला. आज या ठिकाणी पूजेच्या माध्यमातून आपण सगळे त्या ठिकाणी एकत्र आलो आहोत. पाण्याचा जो काही विषय आहे तो कुठेतरी आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. येत्या काळात निश्चितपणे युद्धपातळीवर त्या ठिकाणी सकारात्मक पाऊल उचललं जाईल, अशा प्रकारची भूमिका मी या निमित्ताने आपल्यासमोर मांडतो. टाळ्या. बायकांनी तर उठून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, उगाच खोटं कशाला बोलू. माझ्या डोळ्यांसमोर नळ आला होता, धो धो वाहणारा.

काकांच्या वहीत दुसऱ्या दिवशी ओळी होत्या: “साहेब आले. पूजेला नमस्कार केला. प्रसादाच्या शिऱ्यातले केळे नंदाखालचे आहे का, असे विचारले. पाण्याबद्दल काही बोलले नाहीत.”

त्या वहीवरून जे काही झालं ते महाभारत. लोकांचं म्हणणं, आश्वासन दिलं असं लिहा. काका म्हणाले, कुठल्या वाक्यात दिलं ते दाखवा, लिहितो. पॅड उघडून भाषण सगळ्यांपुढे ठेवलं. आम्ही चौघं-पाचजण त्यावर वाकलो, काका बोट ठेवून वाचत गेले, आणि खरंच, पाणी देतो असं त्यात कुठेही नव्हतं. पण दोनशे माणसांनी कानांनी ऐकलं होतं. म्हात्रे म्हणाले, काका, तुम्ही शब्द बघता, आम्ही भावना बघतो. यावर परत टाळ्या.

आणि मग आम्ही ती करामत केली जी आमचीच बिल्डिंग करू जाणे. कोणीतरी डोकं चालवलं की आता लाईन येणारच आहे, आणि साहेबांची माणसं बघायला आली तर दारात टँकर उभा दिसायला नको. टँकर दिसला तर म्हणतील, यांना काय गरज? तेव्हा या वर्षी टँकर बंद. बैठक बोलावली, हात वर करायला सांगितले, सगळे हात वर. विरोधात एक हात, काकांचा. ते एवढंच म्हणाले की, “विहीर आपण पाहिलेली आहे. लाईन कोणी पाहिलेली नाही.” कोणी ऐकलं नाही. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि आम्ही पानं मांडून बसलेलो.

इनासभाऊंना कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी सोसायटीच्या लेटरहेडवर सुंदर पत्र लिहिलं. आजवरच्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार, ऋणानुबंध असेच वृद्धिंगत व्हावेत, बदलत्या परिस्थितीच्या अनुषंगाने नव्या पर्यायांचा विचार, वगैरे. मला वाटलं, माणूस दुखावणार नाही. होळीच्या चार दिवस आधी इनासभाऊ ते पत्र हातात घेऊन गेटवर आले. मी, म्हात्रे आणि काका खालीच होतो. त्यांनी पत्र सरळ काकांपुढे धरलं आणि विचारलं, “ह्यात काय लिवलंय? पायजे का नको?”

काकांनी पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, यात ते लिहिलेलं नाही. म्हात्रे पुढे झाले. गैरसमज करून घेऊ नका, आपलं नातं पाण्यापुरतं नाही, कुठेतरी मनाने आपण एकच आहोत. इनासभाऊ ऐकत उभे. म्हात्रे दमले तेव्हा मी सुरू झाले. इनासभाऊ तसेच उभे. ऊन चढत होतं, टोपी हातात, आणि आम्हा दोघांपैकी कोणीही ‘नको’ म्हणेना. शेवटी ते काकांनी सांगितलं. ज्या माणसाने एकट्याने विरोधात हात वर केला होता, त्यालाच गेटवर उभं राहून सांगावं लागलं, “नको म्हणतायत.” इनासभाऊंनी मान हलवली, पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि निघून गेले. दोनच दिवसांत आमची पाळी त्यांनी रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगला दिल्याचं कळलं.

एप्रिलच्या मध्यावर बोअर खारट झाली. चहा नासायला लागला, डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. मे लागला आणि बोअरने तेही देणं बंद केलं. मोटर लावली की नळातून नुसता फुसफुस आवाज. दुसरे टँकरवाले फोन उचलत नव्हते, उचलला तर म्हणायचे, या सीझनला जागा नाही. साहेबांच्या माणसाकडून रोज एकच उत्तर, पाठपुरावा सुरू आहे. लोक प्यायच्या पाण्याचे जार विकत आणून त्यातच भांडी विसळायला लागले. स्वप्नीलची मुलगी चार महिन्यांची, अंगभर घामोळं, आणि तिला आंघोळीला बाटलीतलं पाणी. एका दुपारी त्याची बायको पोरीला घेऊन माहेरी निघाली. जिन्यात मला दिसली, पण माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबरच होतं, पत्र मी लिहिलं होतं.

मी काकांकडे गेले. म्हटलं, इनासभाऊंकडे चला, तुमचं ऐकतील. म्हात्रे येणार नव्हते, मी आलो तर बिघडेल म्हणाले, आणि पहिल्यांदाच एका वाक्यात संपवलं. रिक्षात मी आपलं भाषण मनात घोकत होते. काका शेजारी बसून बाहेर बघत होते. आदल्या दोन दिवसांत त्यांची अंघोळ झालेली नव्हती. शर्ट मात्र तोच पांढरा, इस्त्रीचा, घामाने पाठीला चिकटलेला.

इनासभाऊ विहिरीपाशी केळीचे लोंगर, म्हणजे अख्खे घड, कापून रचत होते. आम्हाला बघून त्यांनी कोयता ठेवला आणि बसायला एक पालथी टोपली दिली. मी बसले आणि बोलायला लागले. खरं तर आम्हाला तुमच्याबद्दल आधीपासूनच नितांत आदर. मध्यंतरी जे काही झालं ते दुर्दैवी. कुठेतरी संवाद कमी पडला. माणुसकीच्या नात्याने आपण सकारात्मक विचार करावा. मला माझंच ऐकू येत होतं. बत्तीस वर्षं काकांनी ज्यांचं उतरवून घेतलं त्या सगळ्यांच्या तोंडून मी बोलत होते आणि थांबता येत नव्हतं, कारण थांबले असते तर खरं सांगावं लागलं असतं. विहिरीवरचा पंप चालू होता. इनासभाऊ माझ्याकडे बघत होते, रागाने नाही, नुसते. दहा-बारा मिनिटांनी माझं संपलं.

काका पुढे आले. म्हणाले, “इनासभाऊ, आमचं चुकलं. पाणी नाही. पाणी पाहिजे.”

इनासभाऊ त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, “तुमी तं हात वर केलेला माझ्यासाठी. डायवर बोलला मला. तुमचं काय चुकलं?”

“मी त्याच बिल्डिंगमध्ये राहतो,” काका म्हणाले.

मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. दोनशे माणसांत एक माणूस बरोबर होता. आम्ही त्याला हसलो, त्याच्या वहीला नावं ठेवली, ‘नको’सुद्धा त्याच्याच तोंडून वदवलं. आणि आता तो आमच्या चुकीखाली स्वतःचं नाव घालून उन्हात उभा होता. पदराने तोंड पुसायचं निमित्त करून मी रडून घेतलं. इनासभाऊ उठले, विहिरीच्या काठाशी जाऊन आत वाकून पाणी किती आहे ते बघितलं, ड्रायव्हरला हाक मारली आणि त्यांच्या घरच्या बोलीत त्याला काही सांगितलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “केळीचं पानी कमी करतो. पाचला येईल.”

टँकर पाचला आला आणि पावसाळा लागेपर्यंत रोज पाचला येत राहिला. पहिला टँकर आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांची मुलगी येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेली. गुडघ्याने आता जिना होत नव्हता. मी बँकेत होते, माझी भेट झाली नाही. नंतर फोन झाले दोन-चार, पण मी त्यांना डोळ्यांनी शेवटचं बघितलं ते त्या पहिल्या संध्याकाळी.

टाकी इतकी कोरडी पडली होती की टँकरला पाइप लावायला कोणी थांबेना. सगळी बिल्डिंग बादल्या, कळश्या, पिंपं, कुकरची भांडीसुद्धा घेऊन खाली. म्हात्रे रांग लावत होते. वरच्या गॅलऱ्यांतून लोक ओरडत होते, काका जबरदस्त, काका एक नंबर, काका तुमच्या माध्यमातून पाणी आलं. रजेवरचे सगळेच्या सगळे एकदम कामावर हजर. मी धसकून काकांकडे बघितलं, म्हटलं आता काही ऐकवतील. दोन रिकाम्या बादल्या पायांशी ठेवून ते रांगेच्या अगदी शेवटी उभे होते, स्वप्नीलच्या मागे. मी लगबगीने तिकडे गेले, म्हटलं, काका, तुम्ही पुढे या, तुम्ही आणलंत पाणी, कोणी काही म्हणणार नाही. मी त्यांच्या बादल्या उचलायलाच गेले.

“रांग आहे,” काका म्हणाले, आणि बादल्या माझ्या हातातून घेऊन होत्या तिथेच ठेवल्या.